पेशी चिकटते ती डिंकाने की ताणाने?

प्राणिपेशीची आकृती काढताना शाळेत आपण आधी बाहेरची एक रेघ काढतो आणि तिला पेशीपटल म्हणतो. पेशीचा आकार त्या रेघेमुळे ठरतो, ही समजूत तिथेच पक्की होते. प्रत्यक्षात पेशीपटल म्हणजे स्निग्ध पदार्थांचा जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचा दुपदरी थर. तो द्रवासारखा वाहतो, त्याला स्वतःचा आकार धरून ठेवता येत नाही. वनस्पतींच्या आणि जिवाणूंच्या पेशींना बाहेरून भिंत असते; प्राणिपेशीला तीही नाही. तरीही रक्तातली पांढरी पेशी गोल राहते, आतड्याच्या अस्तरातली पेशी शेजारणीला घट्ट बिलगून उभी असते आणि जखमेच्या कडेची पेशी पसरत पुढे सरकते. हे सगळे घडवते ते पटलाला आतून लागून असलेले, ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे. त्याला ॲक्टिन कॉर्टेक्स म्हणतात.

या जाळ्यावरच्या संशोधनामुळे दोन जुने प्रश्न एकत्र आले आहेत. पहिला यांत्रिकीचा: पेशी किती ताठ, किती मऊ, दाबली तर किती वेळात पूर्ववत होते? दुसरा चिकटण्याचा: पेशी शेजारच्या पेशीला किंवा खालच्या पृष्ठभागाला धरते कशी आणि सोडते कधी? पहिला प्रश्न भौतिकीचा आणि दुसरा रेणवीय जीवशास्त्राचा, अशी वाटणी बराच काळ होती. आज हाती असलेला पुरावा पाहिला, तर दोन्ही गोष्टी एकाच थराच्या करणीतून उद्भवतात. इतकेच नव्हे, तर पेशी एकमेकींना किती बिलगणार हे ठरवण्यात डिंकाचे काम करणाऱ्या रेणूंपेक्षा त्यांच्यामागच्या जाळ्यातल्या ताणाचे वजन जास्त पडते. त्या पुराव्याचा, आणि त्यात राहिलेल्या फटींचा, हा आढावा.

थराची घडण

ॲक्टिन आधी सापडले ते स्नायूत. हंगेरीतील सेगेड येथे आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांच्या प्रयोगशाळेत ब्रूनो स्ट्राउब यांनी १९४२ मध्ये ते वेगळे केले. मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाच्या जोडीने ते स्नायू आकसवते, एवढीच त्याची ओळख पुढची वीसेक वर्षे होती. १९६६ मध्ये हातानो आणि ओओसावा या जपानी संशोधकांनी फायझारम या स्लाइम मोल्डमधून ॲक्टिन मिळवले. ज्या जिवाला स्नायूच नाहीत त्याच्याकडेही हे प्रथिन आहे, असे त्यामुळे सिद्ध झाले. आता आपल्याला माहीत आहे की दृश्यकेंद्रकी पेशींमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या प्रथिनांपैकी ते एक आहे.

ॲक्टिनचा एक रेणू ३७५ अमिनो आम्लांचा असतो. असे रेणू एकापुढे एक जुळून सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचा पीळदार तंतू बनतो. कॉर्टेक्समध्ये या तंतूंचे जाळे पटलाला समांतर पसरलेले असते. ते इतके पातळ असते की साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाला त्याची जाडी नीट दिसत नाही. २०१३ मध्ये एवा पालुख यांच्या गटाने यावर तोड काढली. पटलाला एक आणि ॲक्टिनला दुसरा चमकता रंग देऊन त्यांनी दोन्ही रंगांच्या शिखरांमधले अंतर मोजले. त्यावरून विभाजनाच्या अवस्थेतील हेला या मानवी पेशीवंशाच्या पेशींमध्ये कॉर्टेक्सची जाडी सुमारे १९० नॅनोमीटर निघाली. म्हणजे २० मायक्रॉन व्यासाच्या पेशीत व्यासाच्या शंभराव्या भागाएवढा हा थर सगळ्या पेशीचा आकार सांभाळतो.

तंतूंची पेरणी दोन प्रकारच्या प्रथिनांकडून होते. फॉर्मिन लांब, सरळ तंतू वाढवते. आर्प २/३ हे संकुल जुन्या तंतूला सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी फोडते. फिलॅमिन, अल्फा-ॲक्टिनिन यांसारखी प्रथिने तंतूंना एकमेकांशी बांधतात. इझ्रिन, रॅडिक्सिन आणि मोएसिन ही तीन भावंड प्रथिने जाळे पटलाला टाचून ठेवतात. कोफिलिन जुने तंतू तोडते. आणि मायोसिन-२ चे रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांबीच्या जुड्या करून, दोन्ही टोकांनी तंतू धरून त्यांना एकमेकांवरून ओढतात. या ओढण्यासाठी एटीपी हे पेशीचे इंधन खर्च होते. कॉर्टेक्सचा ताण म्हणजे एकदा भरून ठेवलेला साठा नव्हे, तो सतत कमवावा लागतो.

बाजेची सुतळी सैल पडली की आपण ती पुन्हा ओढून बांधतो. कॉर्टेक्समध्ये सुतळीच काही सेकंदांपासून मिनिटभरात बदलली जाते आणि ओढणेही थांबत नाही. या एका गुणामुळे पेशीचे यांत्रिक वागणे दुहेरी होते. तिला क्षणभर टोचले तर जाळे लवचिक घन पदार्थासारखे उलट दाबते. तोच दाब काही मिनिटे ठेवला, तर जुने तंतू निघून जातात, नवे नव्या आकारात बसतात आणि पेशी द्रवासारखी वाहून बदललेला आकार स्वीकारते. पेशी मऊ आहे की ताठ, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच आपण तिला किती वेळ दाबतो यावर अवलंबून असते.

ताण मोजायचा कसा

मोजमापाची सुरुवात समुद्रातून झाली. मिचिसन आणि स्वान यांनी १९५४ मध्ये सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांवर बारीक काचनळीने चोषण लावले आणि पृष्ठभाग किती आत खेचला जातो ते पाहिले. हीच पद्धत सुधारून इव्हान इव्हान्स आणि येउंग यांच्यासारख्या संशोधकांनी रक्तपेशींकडे वळवली. १९८९ च्या मापनानुसार न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचा कॉर्टेक्स-ताण सुमारे ०.०३५ मिलिन्यूटन प्रतिमीटर आहे. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रतिमीटर असतो, म्हणजे हा ताण त्याच्या दोन हजाराव्या भागाएवढा. लाप्लासच्या नियमाने, ४ मायक्रॉन त्रिज्येच्या पेशीत एवढ्या ताणामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा १७-१८ पास्कलने जास्त राहतो. हवेच्या दाबापुढे हा आकडा नगण्य आहे. पण पेशीच्या मापात तो पुरेसा ठरतो. विभाजनासाठी गोल झालेल्या हेला पेशीत तर ताण वाढून मिलिन्यूटनच्या घरात पोहोचतो.

१९८६ मध्ये अणुबल सूक्ष्मदर्शक आला आणि पेशीला सूक्ष्म सुईने टोचून तिचे बल मोजणे शक्य झाले. लेझरने पेशी ताणण्याची युक्ती २००१ पासून वापरात आहे. लेझरचीच दुसरी युक्ती म्हणजे कॉर्टेक्सला बारीक छेद देणे: जाळे ताणलेले असेल तर छेदाच्या कडा झटकन मागे सरकतात आणि त्या वेगावरून ताणाचा अंदाज येतो. स्टेफान ग्रिल यांच्या गटाने २०१० मध्ये सी. एलेगन्स या सूत्रकृमीच्या एकपेशी भ्रूणात असे छेद दिले. कॉर्टेक्समधला ताण सगळ्या दिशांना सारखा नाही आणि त्या असमानतेमुळे सगळा थर भ्रूणाच्या एका टोकाकडे वाहतो, हे त्यांनी दाखवले. कृमीचे पुढचे टोक कुठले आणि मागचे कुठले, याचा निर्णय या प्रवाहाच्या मदतीने होतो.

उपकरणे वाढली तशी एक अडचणही उघडी पडली. २०१८ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या एकाच पेशीवंशाचे मोजमाप निरनिराळ्या पद्धतींनी केले. लवचिकतेच्या आकड्यांत हजार पटींपर्यंत फरक आला. यात कुणाचे उपकरण बिघडलेले नव्हते. कुणी कॉर्टेक्स टोचत होते, कुणी सगळी पेशी ताणत होते. कुणी मिलिसेकंदात, कुणी मिनिटात. पेशीच्या मऊपणाचा एकच आकडा असू शकत नाही, हे त्या प्रयोगाने पक्के झाले.

ताण येतो कुठून

मायोसिन जितके जास्त तितका ताण जास्त, असे वाटणे साहजिक आहे. पण स्नायूत तंतू ओळीने, ठरावीक दिशेने मांडलेले असतात, तर कॉर्टेक्समध्ये ते अस्ताव्यस्त. अशा जाळ्यात मायोसिनने ओढले तर काही भाग आकसेल आणि तेवढाच दुसरा भाग ताणला जाईल. बेरीज शून्य यायला हवी. तसे होत नाही, कारण ॲक्टिनचा तंतू ओढ सहन करतो पण दाबला की वाकतो किंवा तुटतो. दाबाचा वाटा असा निकामी होतो आणि ओढ तेवढी उरते. मार्टिन लेंझ यांनी सिद्धान्ताच्या बाजूने आणि मार्गरेट गार्डेल यांच्या प्रयोगशाळेने २०१२ च्या सुमारास कृत्रिम जाळ्यांवरच्या प्रयोगांतून ही यंत्रणा पुढे आणली.

दुसरा धक्का २०१७ मध्ये मिळाला. पालुख यांच्याच गटाने तंतूंची लांबी बदलणारी प्रथिने एकेक करून कमी केली. तंतू आखूड झाले तरी ताण घटला आणि फार लांब झाले तरी घटला; मधल्या लांबीला तो सर्वाधिक होता. मायोसिनच्या प्रमाणात मोठा बदल न करताही पेशीचा ताण बदलता येतो, असा त्याचा अर्थ. जाळे बांधणाऱ्या प्रथिनांबाबतही मध्यम प्रमाणच सर्वांत परिणामकारक असल्याचे प्रारूपे आणि प्रयोग सुचवतात. गाठी अगदीच कमी असतील तर ओढ एका जागेवरून दुसऱ्या जागी पोहोचत नाही, आणि फार असतील तर जाळे हलतच नाही.

अशा पदार्थासाठी जुनी भौतिकी पुरत नाही, कारण त्याच्या प्रत्येक कोपऱ्यात ऊर्जा खर्च होत असते. फ्रान्स आणि जर्मनीतील प्रोस्ट, जोआनी, यूलिशर, क्रूझे आदींनी २००४ पासून सक्रिय जेलचा सिद्धान्त मांडला. वाहणारा, ताणलेला आणि स्वतःच बल निर्माण करणारा पदार्थ कसा वागेल याची समीकरणे त्यात आहेत. सूत्रकृमीच्या भ्रूणातला प्रवाह त्या समीकरणांत चपखल बसला.

थर सुटतो तेव्हा

कॉर्टेक्सचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते ते तो सुटतो तेव्हा. पटल जाळ्यापासून निसटले किंवा जाळे एका जागी फाटले की आतल्या दाबाने तिथे पटलाचा फुगा बाहेर येतो. याला ब्लेब म्हणतात. त्यात सुरुवातीला ॲक्टिन नसते. साधारण अर्ध्या मिनिटात फुगा वाढतो, मग त्याच्या आतल्या बाजूला नवे जाळे बांधले जाते, मायोसिन येते आणि पुढच्या एक-दोन मिनिटांत फुगा आत ओढला जातो. गिलॉम शारा आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात असे दिसले की एकाच पेशीच्या एका भागात फुगे येत असताना दुसरा भाग शांत राहू शकतो. पेशीतला दाब क्षणात सगळीकडे सारखा होत नाही. त्याआधी १९९२ मध्ये, फिलॅमिन नसलेल्या मेलानोमा पेशी सतत फुगे सोडतात आणि त्यांना फिलॅमिन परत दिले की हे थांबते, असे दिसून आले होते.

विभाजनाच्या वेळी पेशी हाच थर जाणूनबुजून आवळते. मोएसिनसारखी टाचणी प्रथिने सक्रिय होतात, मायोसिनचा जोर वाढतो, आतला दाब चढतो आणि चपटी पेशी गोल होते. डॅनियल म्युलर आणि टोनी हायमन यांच्या गटांनी २०११ मध्ये अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या सपाट पट्टीखाली पेशी ठेवून तिचा वर ढकलण्याचा जोर मोजला. दाब आणि कॉर्टेक्सचा ताण मिळून हा गोलावा घडवतात असे त्यातून निघाले. याच वेळी पेशी जमिनीवरची बहुतेक पकड सोडते. मागे राहतात त्या बारीक दोऱ्या, आणि विभाजनाची दिशा ठरवताना पेशी त्यांचाच आधार घेते. ताण वाढणे आणि पकड सुटणे या दोन घटना इथे एकाच वेळी घडतात, त्या योगायोगाने नव्हे.

जमिनीवरची पकड

पेशी खालच्या पृष्ठभागाला धरते ती मुख्यतः इंटेग्रिन या प्रथिनांनी. हे नाव १९८६ मध्ये रूढ झाले; या शोधमालिकेसाठी रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाती आणि टिमोथी स्प्रिंगर यांना २०२२ चा लास्कर पुरस्कार मिळाला. इंटेग्रिनचे बाहेरचे टोक कोलॅजेन, फायब्रोनेक्टिन यांसारख्या आधारद्रव्याला धरते. आतल्या टोकाला टॅलिन, व्हिन्क्युलिन अशी प्रथिने लागून असतात आणि त्यांच्यापलीकडे ॲक्टिन. २०१० मध्ये अतिसूक्ष्म प्रतिमांनी दाखवले की इंटेग्रिन आणि ॲक्टिन यांच्यात सुमारे ४० नॅनोमीटरचे अंतर असते आणि त्यात ही प्रथिने थरावर थर अशी रचलेली असतात.

या साखळीतला कळीचा दुवा टॅलिन. मायकेल शीट्झ यांच्या गटाने २००९ मध्ये टॅलिनचा एकेक रेणू ओढून पाहिला. काही पिकोन्यूटनच्या ओढीने त्याच्या घड्या उलगडतात आणि आत दडलेल्या जागा उघड्या पडून व्हिन्क्युलिन तिथे येऊन बसते. म्हणजे ओढले की जोड सुटण्याऐवजी भक्कम होते. एरवी कोणताही बंध ओढल्यावर लवकर तुटतो. इंटेग्रिनचे काही बंध मात्र ठरावीक मर्यादेपर्यंत ओढले असता जास्त वेळ टिकतात. कॉर्टेक्स ओढत नसेल, तर पकड परिपक्वच होत नाही. मायोसिन थांबवणारे ब्लेबिस्टॅटिन पेशींवर टाकले की मोठ्या पकडी विरघळून जातात.

पकडीला जोर मिळतो, त्याबरोबर खालच्या जमिनीची माहितीही आत येते. ॲल्बर्ट हॅरिस यांनी १९८० मध्ये पातळ सिलिकॉन रबरावर पेशी ठेवल्या, तेव्हा रबराला सुरकुत्या पडल्या. पेशी जमीन ओढते याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा होता. जमीन कडक असेल तर ओढ लवकर चढते, पकड पक्की होते. मऊ असेल तर ओढ वायाच जाते. डेनिस डिशर यांच्या प्रयोगशाळेतील २००६ चा प्रसिद्ध प्रयोग याच्या पुढचा. मूळपेशी मेंदूइतक्या मऊ जेलवर ठेवल्या तर त्या चेतापेशींकडे झुकतात, स्नायूइतक्या ताठ जेलवर स्नायूकडे आणि त्याहून ताठ जेलवर हाडाकडे. मायोसिन बंद केले की हा भेद पुसला जातो. या प्रयोगाच्या शोधनिबंधाचे एक लेखक शमिक सेन आज मुंबईत आयआयटीत पेशींच्या यांत्रिकीवर काम करतात.

पसरलेल्या पेशीत दिसणाऱ्या जाड ॲक्टिन दोऱ्या, म्हणजे स्ट्रेस फायबर, कॉर्टेक्सपासून वेगळ्या आहेत असे बरीच वर्षे मानले जाई. २०२१ मध्ये फ्रेंच गटांनी एक दोरी लेझरने तोडून पाहिली. ताण त्या एका दोरीपुरता न सुटता आजूबाजूच्या सगळ्या जाळ्यात पसरला. दोऱ्या कॉर्टेक्समध्येच गुंफलेल्या आहेत, असा निष्कर्ष त्यातून आला.

पेशीला पेशी

डिंक की ताण, हा वाद खऱ्या अर्थाने रंगला तो पेशी-पेशींच्या जोडांवर. भ्रूणातल्या दोन ऊतींच्या पेशी सुट्या करून मिसळल्या तर त्या आपोआप वेगळ्या होतात, एक जात आत आणि दुसरी बाहेर. माल्कम स्टाइनबर्ग यांनी १९६३ मध्ये याचे साधे स्पष्टीकरण दिले: ज्या पेशी एकमेकींना जास्त चिकटतात त्या आत जातात, तेल आणि पाणी वेगळे व्हावे तशा. मासातोशी ताकेइची यांनी शोधलेल्या कॅडहेरिन या जोडप्रथिनांनी या कल्पनेला बळ दिले. १९९४ मध्ये दोघांनी मिळून दाखवले की कॅडहेरिनचे प्रमाण कमी-जास्त केले तर तेवढ्यानेही पेशी वेगळ्या होतात.

पण १९७६ मध्येच ॲल्बर्ट हॅरिस यांनी आक्षेप घेतला होता. पेशी ही पाण्याच्या थेंबाप्रमाणे निष्क्रिय नाही, तिचा पृष्ठभाग स्वतः आकसतो. मग वेगळे होण्याचे कारण त्या आकसण्यात का नसावे? उत्तर मिळायला तीस वर्षे लागली. २००८ मध्ये कार्ल-फिलिप हायझेनबर्ग यांच्या गटाने झेब्राफिशच्या भ्रूणातील पेशींची पकड आणि कॉर्टेक्सचा ताण दोन्ही मोजले. बाह्यस्तराच्या पेशींची एकमेकींवरची पकड कमी होती, पण ताण सर्वांत जास्त होता. पकडीच्या हिशेबाने थाळीतल्या मिश्रणात त्या बाहेर राहायला हव्या होत्या. त्या आत गेल्या.

२०१२ मध्ये ज्याँ-लिऑन मेत्र आणि हायझेनबर्ग यांनी दोन पेशी दोन काचनळ्यांत धरून एकत्र आणल्या आणि ओढून वेगळ्या केल्या. त्यातून कामाची वाटणी स्पष्ट झाली. दोन पेशींमधला संपर्क किती पसरणार हे मुख्यतः संपर्काच्या जागी कॉर्टेक्सचा ताण किती उतरतो आणि मोकळ्या पृष्ठभागावर तो किती राहतो, या तफावतीवर ठरते. कॅडहेरिनच्या बंधांतून थेट मिळणारी ऊर्जा त्या मानाने थोडी आहे. कॅडहेरिनचे खरे काम दोन्ही पेशींची जाळी एकमेकींना यांत्रिकपणे जोडणे, म्हणजे कुणी ओढले तर त्या सुटू न देणे. जोड तुटते तीही बहुधा आतल्या बाजूला, कॅडहेरिन आणि ॲक्टिन यांच्यामधल्या सांध्यात. त्या सांध्यातले अल्फा-कॅटेनिन टॅलिनसारखेच ओढीने उघडते आणि व्हिन्क्युलिनला बोलावते.

या निष्कर्षाची सर्वांत महत्त्वाची कसोटी आपल्या जन्मकथेत आहे. गर्भधारणेनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास मानवी भ्रूणाच्या सुट्या सुट्या दिसणाऱ्या पेशी एकमेकींना बिलगून एक घट्ट गोळा बनतो. कृत्रिम गर्भधारणेच्या प्रक्रियेत भ्रूण निवडताना डॉक्टर हा टप्पा पाहतात. उंदरात या वेळी बाहेरच्या पृष्ठभागाचा ताण दुपटीच्या आसपास वाढतो, असे मेत्र यांनी २०१५ मध्ये दाखवले. संशोधनासाठी दान केलेल्या मानवी भ्रूणांवरचा त्यांच्या गटाचा अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात बाहेरचा ताण चौपट वाढलेला आढळला, तर पेशींमधल्या संपर्काचा ताण जवळपास तेवढाच राहिला. गोळा घट्ट होण्यासाठी डिंक आणि आकसणे दोन्ही लागतात, पण त्यामागचा ताण आकसण्याच्या ताब्यात आहे.

पकडीवाचून चाल, आणि रोग

काही पेशींना चालायला पकडीची गरजच पडत नाही. इंटेग्रिन पूर्ण काढून टाकलेल्या डेंड्रायटिक पेशी सपाट थाळीवर अडतात, पण ऊतीच्या दाट जाळ्यातून आरामात फिरतात, असे २००८ मध्ये आढळले. २०१५ मधल्या काही प्रयोगांनी कारण दाखवले: दोन भिंतींमध्ये दाबलेली पेशी कॉर्टेक्सचा प्रवाह मागे सोडते आणि भिंतींशी होणाऱ्या घर्षणावर पुढे सरकते. एरवी मंद चालणाऱ्या पेशीही दाब जास्त आणि पकड कमी मिळाली की अशी चाल धरतात. पकडीचे रेणू अडवून कर्करोगाचा फैलाव थोपवण्याची कल्पना म्हणूनच अपुरी ठरू शकते.

मलेरियाचे उदाहरण बोलके आहे. तांबड्या पेशीचे जाळे वेगळ्या धाटणीचे असते: स्पेक्ट्रिनचे लांब धागे आणि गाठींवर ॲक्टिनचे तोकडे तुकडे. त्यामुळे ८ मायक्रॉन व्यासाची ही पेशी प्लीहेतल्या अरुंद फटींतून निसटू शकते. स्पेक्ट्रिन किंवा अँकिरिनमध्ये जन्मजात दोष असेल तर पेशी गोल होतात, फटींत अडकतात आणि रक्तक्षय होतो. प्लास्मोडियम फाल्सिपेरम हा परजीवी या पेशीत शिरला की पृष्ठभागावर उंचवटे तयार करतो आणि त्यांवर चिकटणारे प्रथिन मांडतो. उंचवटे उभारणारे प्रथिन आतून स्पेक्ट्रिनच्या जाळ्याला बांधलेले असते. १९९७ मध्ये परजीवीतून त्याचे जनुक काढले, तेव्हा चिकटणारे प्रथिन जागेवर असूनही पेशी वाहत्या द्रवात भिंतीला धरून राहू शकल्या नाहीत. मागे आधार नसेल तर डिंक निरुपयोगी, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच कुठे दिसले असेल.

विस्कॉट-ऑल्ड्रिच रोगात आर्प २/३ ला जागे करणारे प्रथिन सदोष असते. १९९४ मध्ये त्याचे जनुक सापडले. मुख्यतः मुलग्यांना होणाऱ्या या रोगात पांढऱ्या पेशी नीट हलू-चिकटू शकत नाहीत, बिंबाणू लहान आणि थोडे असतात, संसर्ग वारंवार होतो. कर्करोगाबाबत २००७ मध्ये रुग्णांच्या फुप्फुसावरणातील द्रवातून काढलेल्या पेशी टोचून पाहिल्या, तेव्हा पसरलेल्या कर्करोगाच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा ७० टक्क्यांहून अधिक मऊ निघाल्या. निदानासाठी हा संकेत उपयोगी आहे, पण एकाच पेशीवंशात हजार पटींचा फरक येऊ शकतो हे लक्षात ठेवून.

भारतातले काम

कॉर्टेक्स पटलावर काय परिणाम करतो, या प्रश्नावर बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात महत्त्वाचे काम झाले आहे. जपानमध्ये अकिहिरो कुसुमी यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले होते की पटलातला स्निग्ध रेणू सुमारे २३० नॅनोमीटरच्या कप्प्यात काही काळ अडतो आणि मग पुढच्या कप्प्यात उडी घेतो. कप्प्यांची कुंपणे कॉर्टेक्सची. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले सत्यजित मेयर आणि सिद्धान्ताच्या बाजूने मदन राव यांनी २००८ ते २०१२ दरम्यान पुढचे पाऊल टाकले. पटलाच्या बाहेरच्या पदरातली, ॲक्टिनला स्पर्शही न करणारी काही प्रथिनेसुद्धा दोन-चारच्या गटांत जमतात आणि हे जमणे कॉर्टेक्समधल्या आखूड, हलत्या तंतूंवर व मायोसिनवर अवलंबून असते, असे त्यांनी दाखवले. २०१९ मध्ये याच प्रयोगशाळेने हे गट इंटेग्रिनच्या इशाऱ्याने बनतात आणि ते नसतील तर पेशी नीट पसरत नाही, असे मांडले. कॉर्टेक्स पकडीला मागून आधार देतोच, शिवाय पटलावर तिच्यासाठी जागाही तयार करतो, असा याचा अर्थ.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मैत्रेयी नरसिंह फळमाशीच्या भ्रूणाची पाठ बंद होताना पेशी बल कसे वाटून घेतात याचा, तर पुण्याच्या आयसरमध्ये रिचा रिखी फळमाशीच्या सुरुवातीच्या भ्रूणातील कॉर्टेक्सचा अभ्यास करतात.

राहिलेले प्रश्न आणि निष्कर्ष

तीन फटी अजून भरायच्या आहेत. पटलाचा ताण आणि कॉर्टेक्सचा ताण वेगवेगळे मोजणे अवघड आहे. बहुतेक उपकरणे दोघांची बेरीजच देतात. दुसरी, प्रयोगांची मोठी संख्या थाळीतल्या सुट्या पेशींवर झाली आहे. शरीरात पेशीभोवती शेजारी, द्रव आणि आधारद्रव्य यांची गर्दी असते आणि तिथे ताण मोजण्याची साधने आत्ता कुठे हाती येत आहेत. तिसरी, कॉर्टेक्सच्या जाडीत मायोसिन नेमके कुठे बसते याने ताण बदलतो, असे २०२१ च्या एका अभ्यासाने सुचवले. रचनेवरून ताण आधीच सांगता येईल असा सिद्धान्त मात्र अजून पूर्ण झालेला नाही.

मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. डिंकाशिवाय पेशी चिकटत नाही, हे खरे. पण ती किती पसरेल, किती बिलगेल आणि कधी सोडेल हे कॉर्टेक्सचा ताण ठरवतो, आणि जोडाचे रेणू त्या ताणाला शेजारणीपर्यंत किंवा जमिनीपर्यंत पोहोचवतात. म्हणून ‘पेशी मऊ झाली’ किंवा ‘पेशी जास्त चिकट झाली’ असे एखाद्या बातमीत वाचले, तर वाचकाने तीन प्रश्न जरूर विचारावेत: मोजले कशाने, किती वेळात, आणि त्या वेळी पेशी कोणत्या अवस्थेत होती? त्यांची उत्तरे नसतील, तर त्या आकड्यावर विश्वास ठेवण्याची घाई करू नये.